रोजची रेघ

‘आहे की नाही, एवढंच सांगा’ हे वाक्य रडारबाईंनी बावीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते बोलायला कुणी नुसतं तोंड उघडलं तरी त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. साहेब हेच विचारायचे, मशिन चालवणारा हेच विचारायचा, आणि घरी चष्मा हरवला की नवराही खुर्चीतून न उठता हेच विचारायचा. बायकोला जमिनीखालचं दिसतं म्हणजे उशीखालचं दिसलंच पाहिजे, असा त्याचा साधा हिशोब होता.

बाई काम करायच्या बोगद्यात. शहराच्या पोटातून एक अजस्र मशिन बोगदा खणत चाललं होतं. त्याच्या तोंडाशी दुमजली घराएवढी पोलादी चकती, ती गरागरा फिरून माती खरवडते. दीड मीटर खणून झालं की मशिन थांबतं, आणि मागे काँक्रीटचे तुकडे जोडून एक गोल कडं बसवतात. मग त्या कड्याला पाय लावून मशिन पुन्हा पुढे सरकतं. दिवसाला अशी आठ कडी. या मशिनला ताकद भरपूर, पण डोळे नाहीत. समोर जुनी विहीर आहे, नळ आहे की नुसती माती, त्याला काही कळत नाही. ते बघायचं काम बाईंचं.

कडं बसवायला अर्धा तास लागायचा. तेवढ्या वेळात चकतीतल्या एका छिद्रातून बाई रडारचा दांडा पुढे सारायच्या. दांड्यातून लहरी मातीत जायच्या, मातीहून काही वेगळं लागलं की परतायच्या, आणि पडद्यावर रेघा उमटायच्या. नळ असला तर रेघेला कमान यायची, पोकळी असली तर ठसठशीत पट्टा दिसायचा, आणि ओली चिकणमाती लागली तर लहरी तिच्यातच जिरायच्या, हाती शून्य. शिवाय दांडा एकच, त्यामुळे वस्तू किती लांब आहे ते कळायचं, पण वर आहे, खाली आहे की बाजूला, ते काही कळायचं नाही. आणि या सगळ्यावर मशिनच्या स्वतःच्या पोलादाचा गोंगाट. जे आहे ते, जे नाही ते आणि जे मशिन स्वतःशीच बडबडतंय ते, असं सगळं एका पडद्यावर. त्यातून बाईंनी निवडायचं, आणि निवडून झालं की दारात उभा असलेला माणूस विचारणार, ‘आहे की नाही, एवढंच सांगा.’

पहिली दहा वर्षं बाई समजावून सांगायच्या. मग त्यांनी हात टेकले.

बाईंच्या नावावर एक डाग होता. नऊ वर्षांपूर्वी, आधीच्या बोगद्यात, त्यांना तीन मीटरवर एक जाड, सपाट पट्टा दिसला. त्यांनी पोकळी आहे असं लिहून दिलं आणि मशिन थांबलं. सात ठिकाणी भोकं पाडली. सातही भोकांत घट्ट, निर्मळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी माती. अकरा दिवसांनी उलगडा झाला, की तो पट्टा म्हणजे मशिनच्याच पोलादाचा घुमारा होता. तेव्हाचे साहेब पुढे बदलून गेले, मशिन भंगारात गेलं, पण ‘अकरा दिवस’ मात्र राहिले. जेवणाच्या सुट्टीत बाई आल्या की कुणीतरी हळूच म्हणायचं, ‘आले अकरा दिवस.’ बाईंना ऐकू यायचं. न ऐकल्यासारखं करून त्या डबा उघडायच्या.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाईंनी तर ताक गाळायलाच घेतलं. त्यांनी एक फिल्टर तयार केला. दिवसाच्या आठही वेळांना जी रेघ जशीच्या तशी येते ती मशिनची, म्हणून पुसून टाकायची. जमिनीतल्या गोष्टी येतात आणि जातात, मशिनची बडबड मात्र रोज तीच. तर्क अगदी चोख होता. वरच्यांनी तो मंजूर केला, शिक्के बसले, आणि खाली बाईंची सही. तेव्हापासून बाईंचा पडदा धुतल्यासारखा स्वच्छ आणि डोकं शांत.

म्हणजे कामावर शांत. घरी सासूबाई होत्या.

सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खाट, आणि खाटेवर त्यांचं राज्य. सकाळी बाई बूट घालायला बसल्या की राज्यकारभार सुरू व्हायचा. चहा पातळ होता. नळ गळतोय. शेजारच्याचा रेडिओ पहाटेपासून कोकलतोय. गुडघा गेला. दार घासतंय. उशी कुणीतरी बदलली. हे सारं एकाच पट्टीत, एकाच वेगानं, गुडघ्याला आणि उशीला सारखंच वजन देऊन. नवरा वर्तमानपत्रामागून ‘बघू’ म्हणायचा. ‘बघू’ हा त्याच्या आयुष्याचा सारांश होता. बाई ‘हो आई’ म्हणायच्या, नाडी बांधायच्या आणि निघायच्या. लग्नानंतरच्या बत्तीस वर्षांत त्यांनी किती वेळा ‘हो आई’ म्हटलं असेल, आणि त्यातल्या किती वेळा आधीचं वाक्य ऐकलं असेल, हे विचारण्यात अर्थ नाही.

आता गंमत अशी, की हा बोगदा नेमका त्यांच्याच गल्लीखालून जाणार होता. घरोघरी पत्रं आली तेव्हा लोक घाबरले. मग बाई स्वतः गल्लीत मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काही होणार नाही. मी आहे ना खाली.” लोकांना ते पटलं. सरकारी पत्रापेक्षा शेजारीण बरी. सासूबाई खिडकीतून ऐकत होत्या. रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, की भाजीत मीठ जास्त पडलंय.

मग लायसन्स संपलं.

फिल्टर ज्या प्रोग्रॅममध्ये चालायचा त्याचं लायसन्स दरवर्षी नवं करावं लागे. दोन महिने आधी बाईंनी अर्ज दिला होता. खरेदी विभागानं तो परत पाठवला, कारण जुना नमुना बंद झाला होता. नव्या नमुन्यावर दिला तर म्हणाले, सोबत जुन्या नमुन्याची प्रत जोडा. ती जोडली. मग सही करणारा रजेवर गेला. आणि एका सोमवारी बाईंनी प्रोग्रॅम उघडला तर फिल्टरचं बटण फिकट झालेलं, दाबलं तर दबेना. पडद्यावर सगळा कच्चा माल, मशिनच्या बडबडीसकट.

“तीन दिवसांत होईल,” खरेदी विभाग फोनवर म्हणाला.

“हे तुम्ही मागच्या आठवड्यात म्हणालात.”

“तेव्हाचे तीन दिवस वेगळे, मॅडम.”

बाईंनी फोन ठेवला. आपटला म्हटलं तरी चालेल.

चार दिवस तो गोंगाट डोळ्यांनी गाळून त्यांचं डोकं उठलं. शेवटी वैतागून त्यांनी ठरवलं, की मशिनच्या रेघा कोणत्या ते एकदाच शोधून काढायचं आणि त्यांवर लाल पेन्सिल मारून ठेवायची, म्हणजे रोज डोळे फोडायला नकोत. मागच्या एकोणीस दिवसांचा कच्चा माल त्यांनी छापला. दिवसाला एक कागद. कार्यालय म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी ठेवलेली पत्र्याची खोली. तिच्या लांब भिंतीवर त्यांनी कागद ओळीनं चिकटवले आणि पट्टी घेऊन उभ्या राहिल्या.

मशिनची पहिली रेघ एकोणीसही कागदांवर एकाच उंचीला होती. तिच्यावर लाल पेन्सिल. दुसरीही तशीच, तिच्यावरही लाल पेन्सिल. तिसऱ्या रेघेला त्यांनी पट्टी लावली, आणि पट्टी बसेना.

त्यांना वाटलं कागद तिरका लागलाय. त्यांनी तो काढून पुन्हा लावला. मग सगळे काढून पुन्हा लावले. मग चष्मा पुसला. रेघ प्रत्येक कागदावर सपाटच होती, आठही वेळांना जवळपास जशीच्या तशी. पण आजच्या कागदावर ती कालच्यापेक्षा जराशी सरकलेली होती. कालची परवापेक्षा. मोजलं तर रोज वीतभर. पहिल्या कागदावर मशिनपासून सहा मीटर लांब असलेली रेघ एकोणिसाव्या कागदावर दोन मीटर दहा सेंटीमीटरवर आली होती.

मशिनची बडबड मशिनच्या जवळ कशी येईल?

बाई स्टुलावर बसल्या. काहीतरी लांबलचक, सपाट, बोगद्याच्या अंगानं धावणारं आणि हळूहळू बोगद्याकडे झुकणारं असं जमिनीत होतं. एकोणीस दिवस ते रोज समोर येत होतं, आणि रोज येतंय म्हणूनच त्यांचा फिल्टर ते रोज पुसत होता. मंजूर केलेला, शिक्के मारलेला, खाली बाईंची सही असलेला. ते जर पोकळ असेल आणि मशिनपासून दीड मीटरच्या आत आलं, तर मधली माती टिकणार नाही, ती मशिनमध्ये ओतली जाईल आणि वरची जमीन बसेल. रोज वीतभर, म्हणजे हातात तीन दिवस. तीन दिवसांत मशिन कुठे पोचणार ते बाईंनी नकाशावर पाहिलं. पाहायची गरज नव्हती. त्यांच्या गल्लीखाली.

साहेब वयानं त्यांच्या मुलासारखे, बोलायला मऊ, दिवसभर कोमट पाणी पिणारे. बाईंनी एकोणीस कागद त्यांच्या टेबलावर पसरले. साहेबांनी ते सगळे पाहिले, शेवटून पहिल्यापर्यंत आणि पुन्हा शेवटापर्यंत.

“मॅडम, हा कच्चा डेटा आहे. प्रक्रिया केलेली प्रतिमा कुठे आहे?”

“लायसन्स संपलंय.”

“मुख्य कार्यालयाकडे आहे ना. आपण त्यांच्याकडून करून घेऊ.”

त्यांनी खरंच तासाभरात करून घेतली. चांगला माणूस, कामात हयगय नाही. प्रतिमा आली ती धुतल्यासारखी स्वच्छ. काही नाही.

“यात तर काही नाहीये, मॅडम.”

“नसणारच. फिल्टर तीच रेघ पुसतो.”

“मग फिल्टर चुकीचा आहे?”

“हो.”

“कुणाचा आहे?”

“माझा,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी कोमट पाण्याचा घोट घेतला. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला. “बरं, ती वस्तू कुठल्या बाजूला आहे?”

“ते कळत नाही. अंतर कळतं. एक भोक पाडायला द्या, चाळीस मिनिटांचं काम आहे.”

“एका भोकात सापडेल?”

“वर, खाली, दोन्ही बाजू. चार द्या.”

“मागच्या वेळी सात झाली होती ना?” साहेबांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांनी जुनी फाइल वाचली होती, एवढंच. “मॅडम, नियम तुम्हाला माहीत आहे. मशिन थांबवायचं तर मंजूर पद्धतीनं काढलेली प्रतिमा जोडावी लागते. मंजूर पद्धतीत काही दिसत नाहीये. पद्धत बदलायची तर समितीपुढे जावं लागेल, आणि समिती पुढच्या महिन्यात आहे.”

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. इथे आडात होतं. पोहऱ्यालाच भोक होतं, आणि ते भोक पाडणारीनंच त्यावर सही केली होती. आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी कागद गोळा केले. त्यांना ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडावं ते कळेना, कारण ओरडण्याच्या लायकीचं माणूस त्या खोलीत एकच होतं, आणि ते कागद गोळा करत होतं.

खाली मशिनपाशी चालक कडं बसायची वाट बघत उभा होता. तीस वर्षं मशिनं चालवलेला, पोट सुटलेला, कुणाचं ऐकून न घेणारा माणूस.

“आहे की नाही, एवढंच सांगा, बाई.”

“आहे,” बाई म्हणाल्या. चालकानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हे उत्तर त्याला बावीस वर्षांत दुसऱ्यांदाच मिळत होतं.

“मग थांबवतो. कागद द्या.”

“कागद मिळत नाहीये.”

“मग नाही थांबवत,” तो म्हणाला. मग हात पुसत तो पुढे म्हणाला, “रहिवाशाची तक्रार आली तर गोष्ट वेगळी. भिंत तडकली, फरशी खचली, काहीही. तारखेसकट लिहून दिलं, की मला त्याच पाळीत थांबून त्या बाजूला एक भोक पाडावंच लागतं. साहेबांनासुद्धा विचारावं लागत नाही. पण तक्रार पाहिजे रहिवाशाची. कामावरच्या माणसाची चालत नाही, तुमची तर नाहीच.”

हा नियम बाईंना पाठ होता. अशा तक्रारींना पाठवायचं छापील उत्तर त्यांनीच लिहिलं होतं: जुन्या घरांत असे किरकोळ बदल होतच असतात. बाईंना तक्रार करणारा रहिवासी हवा होता. नवरा ‘बघू’ म्हणाला असता, पण त्यांच्या घरी तर पिढीजात तक्रार करणारं माणूस खिडकीपाशी बसलेलं होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

दुपारी दोनच्या सुमाराला बाई घरी पोचल्या. घराचं दार त्यांनी खांद्यानं ढकललं आणि ते कर्रर्र करत उघडलं. बाई उंबऱ्यातच थांबल्या. हे दार आपण खांद्यानं कधीपासून ढकलतोय? त्यांनी खाली वाकून पाहिलं. फरशीवर दाराच्या कडेनं खरवडलेला पांढरा कंस उमटला होता, चांगला खोल. चौकट वरच्या कोपऱ्यात बोटभर कलली होती. म्हणजे जमीन बसत होती, आणि जमीन बसते ती खाली काही पोकळ असल्यावर. रेघ कुठल्या बाजूची ते दारानं सांगितलं होतं. ती वस्तू बोगद्याच्या वर होती, बोगदा आणि घर यांच्या मधे.

“आई, हे दार कधीपासून घासतंय?”

“आज विचारतेस?” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या नणंदेचा फोन आला होता बघ त्या शनिवारी, पाय मुरगळला म्हणून. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

बाईंनी बोटं मोजली. वीस दिवस.

“मग सांगायचं नाही का मला?”

“रोज सांगते.”

रोज सांगत होत्या, हे खरंच होतं.

बोगद्याच्या कामासाठी उघडलेली तक्रारीची खिडकी गल्लीच्या कोपऱ्यावर होती. ‘आई, चला, तक्रार नोंदवायची आहे,’ म्हटल्यावर सासूबाईंनी आधी चांगली साडी काढायला लावली. मग केस नीट करून घेतले. मग पाणी प्यायल्या. बाई दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. खाली कडं बसून मशिन एव्हाना पुन्हा निघालं असणार. काठी टेकत, दर चार पावलांना थांबत, भेटेल त्याची चौकशी करत सासूबाई खिडकीपर्यंत पोचल्या, तेव्हा बाईंच्या सहनशक्तीचा शेवटचा धागा उरला होता.

खिडकीतल्या मुलीनं अर्ज पुढे ओढला. “बोला आजी, काय तक्रार आहे?”

“काही नाही,” सासूबाई म्हणाल्या.

मुलीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं.

“आई. दाराचं सांगा.”

“दाराचं काय सांगायचं? जुनं दार आहे, घासतं. माझी काही तक्रार नाही हो. माझी सून तिथेच खाली काम करते. चोख काम असतं तिचं.” आणि त्या वळून चालायला लागल्या.

बाईंचा शेवटचा धागा तुटला. त्यांनी सासूबाईंना बाजूला घेतलं. बत्तीस वर्षांत चढवला नव्हता असा त्यांचा आवाज चढला. “आई, काय चाललंय हे? तुम्ही सकाळी डोळे उघडल्यापासून तक्रार करता. चहाची करता, उशीची करता, सूर्य उगवला तरी करता. आणि आज, जेव्हा मला एक तक्रार हवीय, फक्त एक, तेव्हा तुमची तक्रार नाही?”

“हळू बोल,” सासूबाई म्हणाल्या. “लोक बघतायत. अगं, घरातलं घरात. चारचौघांत मी तुझ्या कामाला नावं ठेवू? कधी ठेवलीयेत? सांग. उंबऱ्याबाहेर एक शब्द कधी बोललेय तुझ्याविरुद्ध?”

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आठवायचा प्रयत्न केला. शेजारणी, नणंद, लग्नकार्यं, दवाखान्यातल्या रांगा. त्यांना काही आठवेना. बत्तीस वर्षांत एक शब्दही नाही. ‘अकरा दिवस’ झाले तेव्हा सगळी गल्ली कुजबुजत होती. तेव्हा खिडकीतून कोण काय बोलत होतं, ते बाईंनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आता रडायला वेळ नव्हता.

“आई, माझं काम चुकलंय,” त्या म्हणाल्या. “मी चुकलेय. खाली काहीतरी आहे आणि ते मीच पुसत होते. मी सांगून कुणी थांबत नाहीये. तुम्ही बोललात तरच मशिन थांबेल.”

सासूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. “म्हणजे आपलं घर?”

“आपलं, आणि ओळीतली सात.”

“मग हे आधी सांगायचं,” असं म्हणून सासूबाई वळल्या आणि त्यांनी काठी खिडकीवर टेकवली. “लिही गं मुली. दार घासतंय, वीस दिवस झाले. चौकट कललीय. कपाटाचा पल्ला आपोआप उघडतो. मोरीचं पाणी पूर्वी भिंतीकडे जायचं, ते आता खोलीत येतं. माझी गोळी खाटेवरून पडली तर घरंगळत कोपऱ्यात जाते, पूर्वी पडली तिथे राहायची.” मुलीचा पेन धावत होता. बाई ऐकत होत्या आणि एकेक शब्द त्यांना लागत होता, कारण यातलं प्रत्येक वाक्य त्यांनी आधी ऐकलेलं होतं. पातळ चहा आणि शेजारचा रेडिओ यांच्या मधे कुठेतरी.

“झालं, आजी?”

“नाही. हिनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, काही होणार नाही म्हणून.” सासूबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या, “तेही लिहायचं का गं?”

“लिहा,” बाई म्हणाल्या.

मशिन चार वाजता थांबलं. भोक वरच्या बाजूला पाडलं. दोन मीटरवर ड्रिल विटेला लागलं, कच्चकन आत शिरलं, आणि पुढे हाताला काही लागेचना. जुनं, विटांचं, पावसाचं पाणी वाहून न्यायचं भुयार होतं ते, कुठल्याच नकाशावर नसलेलं, आणि ते थेट गल्लीखालून जात होतं. मशिनच्या हादऱ्यांनी त्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या आणि घरांखालची माती त्यात उतरत होती. चालक भोकात टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिला. त्यानं काही विचारलं नाही.

भुयार काँक्रीटनं भरायला सहा दिवस लागले. मग मशिन गल्लीखालून गेलं आणि एक कपही हलला नाही.

साहेबांनी अहवाल लिहिला तो नियमाला धरून. ‘एका जागरूक रहिवाशाच्या तक्रारीमुळे संभाव्य धोका टळला.’ रडार विभागाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं होतं, कारण मंजूर प्रतिमेत खरोखरच काही नव्हतं. सासूबाईंना आभाराचं पत्र आलं, जाड कागदावर, शिक्क्यासकट. बाईंना नवं लायसन्स आलं, फिल्टरसकट. बाईंनी समितीसाठी अर्ज लिहायला घेतला, तर कळलं की त्याचाही जुना नमुना बंद झालाय.

त्या संध्याकाळी बाई कामावरून परतत होत्या. खिडकीपाशी समोरच्या घरातली शेजारीण उभी होती आणि आतून सासूबाईंचा आवाज येत होता. बाई कोपऱ्यावरच थांबल्या.

“सुनेची तक्रार केलीत म्हणे खिडकीवर?” शेजारीण विचारत होती. “सगळी गल्ली म्हणतेय.”

“सुनेची कशाला करू?” सासूबाई म्हणाल्या. “दाराची केली. भुयार होतं ते हिनंच शोधलं. बाकीच्यांना दिसत नव्हतं.”

शेजारीण गेली. बाईंनी पदरानं नाही, हातातल्या हातमोज्यानं डोळे पुसले आणि त्यामुळे चेहऱ्याला माती लागली. मग त्यांनी दार ढकललं. ते अजून घासत होतं. नवरा त्याकडे ‘बघू’ म्हणाला होता.

“आलीस?” सासूबाई म्हणाल्या. “सकाळचा चहा पातळ होता.”

‘हो आई’ बाईंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी परत फिरवलं, खाटेच्या कडेला बसल्या आणि बुटांची नाडी सोडता सोडता विचारलं, “रोजच्यासारखाच पातळ, आई, की रोजच्यापेक्षा जास्त?”

सासूबाई विचारात पडल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

“रोजच्यापेक्षा,” त्या म्हणाल्या.